ओट्याचं भाडं

नबीलाल मणेराला कुणी विचारलं असतं, की बाबा, तुझं दुकान कुठं आहे, तर तो गडबडला असता. त्याचं दुकान नव्हतंच. त्याचा ओटा होता. आणि खरं म्हणाल तर ओटाही त्याचा नव्हता, हैबतरावांचा होता. पण पौडच्या पेठेत शिरून मणेराचा ओटा विचारला, की शेंबडं पोरसुद्धा हैबतरावांच्या घराकडं बोट करायचं. आणि हैबतरावांचं घर विचारलं, तर "ते काय, मणेराच्या ओट्यामागं" असं उत्तर मिळायचं. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. हैबतरावांनाही वाटत नव्हतं.

ही सोय हैबतरावांच्या वडलांच्या, म्हणजे थोरल्या रावांच्या वेळची. नबीलालचा बाप ताजुद्दीन, बांगड्या भरणारा मणेर, माळा खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचा. एकदा ऐन उन्हाचा तो ह्या ओट्यावर टेकला. घरात लग्नाची गडबड होती. आतून पाण्याचा तांब्या आला. ताजुद्दीन पाणी प्यायला आणि त्यानं त्या घरच्या सगळ्या बायकांचे हात भरून दिले. पैसे विचारले तर म्हणाला, सावलीचे फिटले. थोरले राव माणूस पारखण्यात पटाईत. ते म्हणाले, "आजपास्नं हितंच बस. भाडं नगं. माज्या घरच्या बायकांचं हात भरत जा, हेच भाडं. ह्या घरच्या सुनंच्या हातात तुज्या बांगड्या हायेत, तवर ओटा तुजा."

हे बोलणं कुठं लिहिलेलं नव्हतं. थोरले राव लिहायला शिकले नव्हते, आणि ताजुद्दीन शिकला होता असं कुणी म्हणत नाही. पण साऱ्या पेठेला ते तोंडपाठ होतं. दोघंही म्हातारे गेले, ओट्यावर बापाच्या जागी लेक बसला, घरात बापाच्या जागी लेक आला, आणि काम पुढं चालू राहिलं.

बांगड्या भरणं दिसायला सोपं दिसतं. हाताला तेलाचं बोट लावायचं, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबायचं, बाईला माहेरच्या गोष्टीत गुंतवायचं, आणि तिला कळायच्या आत बांगडी मनगटात उतरवायची. नबीलालला हे आलं ते सगुणाबाईंच्या हातावर. हैबतरावांशी लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा चिमुरड्या होत्या आणि नबीलालला मिसरूड फुटत होतं. बापानं त्याला म्हटलं, भर आज तू. पठ्ठ्यानं नव्या नवरीच्या हातावर बांगड्या फोडल्या! काच लागून रक्त आलं. बापानं सगळ्यांच्या देखत मुस्काटात लगावली. नवरीनं हूं की चूं केलं नाही. नबीलाल मात्र ढसाढसा रडला. पुढं जन्मभर तो हात त्याला पाठ झाला. माळेतून सगुणाबाईंच्या मापाची बांगडी तो न बघता काढायचा.

आपल्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मणेराचं पोट ह्या वाढण्यावर. दळताना वाढली, धुताना वाढली, नवऱ्याशी भांडून हात आपटला म्हणून वाढली, की बाई ओट्यावर हजर. हात भरून झाला की ती मणेराला नमस्कार करायची, आणि नबीलाल म्हणायचा, "सुखी ऱ्हा." बायकांच्या बांगड्या भरपूर वाढाव्यात, असं तो मनातल्या मनात म्हणत असेल तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वैद्य काय, लोक ठणठणीत राहावेत म्हणून नवस बोलतो?

असं सगळं सुरळीत होतं, आणि मग वर मुळशीला धरणाचं काम निघालं.

कुणी म्हणालं डोंगराएवढी भिंत बांधणार, कुणी म्हणालं पाणी अडवून मुंबईला उजेड पाडणार. पाण्यानं दिवा विझतो एवढं नबीलालला माहीत होतं, पेटतो कसा ते कळेना. त्यानं हे सोडावाटरवाल्याला विचारलं, शाळामास्तरांना विचारलं, वरून धरणाविरुद्ध गाणी म्हणत आलेल्या सत्याग्रही पोरांनाही विचारलं. प्रत्येकानं निराळं सांगितलं, आणि प्रत्येकाला ते पक्कं ठाऊक होतं. नबीलाल मान डोलवून परत ओट्यावर बसला तो पहिल्यापेक्षा जास्त गोंधळून.

पेठेचा मात्र चेहरामोहरा बदलला. ज्या रस्त्यानं बैलगाड्या पेंगत जायच्या त्या रस्त्यानं मोटारी धुरळा उडवत जाऊ लागल्या. मुकादम आले, गवंडी आले, सुतार-लोहार आले, कारकून आले, आणि कुणी काय करायला आलाय ते त्याचं त्यालाच ठाऊक नसलेले कितीतरी आले. जो येईल त्याला जागा हवी. तोवर पेठेत भाड्यानं मिळायची ती फक्त बैलगाडी. आता लोकांनी बैल परड्यात हलवले आणि गोठे सारवून भाड्यानं दिले. एका गोठ्यात शिवणाचं मशीन खडखडायला लागलं, दुसऱ्यात न्हाव्यानं खुर्ची आणि आरसा मांडला, तिसऱ्यात गोळी-सोड्याच्या बाटल्या फटाफट फुटू लागल्या. कोंडिबा तेल्याच्या जागेला कुणीतरी दुप्पट भाडं देऊ केलं, तसा त्याच्या मालकानं त्याचा घाणा उचलून रस्त्यावर ठेवला. तिथं खानावळ आली. तिला लागणारं तेल डब्यांतून पुण्याहून यायचं! कोंडिबा रोज येऊन खानावळीसमोर उभा राहायचा, वास घ्यायचा आणि निघून जायचा.

नबीलालला वाटलं, एवढी माणसं आली म्हणजे आपलंही चांगलं होणार. त्यानं जास्तीचा माल आणून ठेवला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की पेठेत पाय ठेवायला जागा नाही, पण हात कुठं आहेत? आलेले सगळे बाप्ये. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या मजूरबायका होत्या, पण त्या ओट्यासमोरून सरळ पुढं जायच्या. एकीला त्यानं हाक मारली तर ती म्हणाली, "दगूड उचलताना काच टिकतिया व्हय मामा? ह्ये बगा आमचं लेनं," आणि तिनं मनगटावरचं गोंदण दाखवलं.

वरच्या खोऱ्यातल्या बायका हे त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याही कमी झाल्या. त्यातली तानूबाई एका बाजारच्या दिवशी ओट्याशी बसली, हात पुढं केला आणि परत मागं घेतला. "गाव बुडनार म्हनत्यात मामा. कुनी म्हनतं औंदा, कुनी म्हनतं म्होरल्या साली. आमी कुटं जायाचं ते कुनीच सांगंना. कशाला भरू बांगड्या?" नबीलालनं तिचा हात ओढून घेतला आणि भरून दिला. त्या दिवशी पैसे मागायचं त्याला भान राहिलं नाही, आणि घरी आल्यावर बायकोनं, चांदबीनं, त्याला चांगलं फैलावर घेतलं.

हैबतरावांच्या गोठ्यात आला नथू. पुण्याचा, चहाचं हॉटेल काढणारा. पितळी बंब, बशा, लाकडी बाकडी आणि तोंडात साखर. नथू वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर नबीलालला सोपं गेलं असतं. मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. पण नथू रोज सकाळी पहिला कप नबीलालला फुकट पाठवायचा. त्या वेळच्या चालीप्रमाणं नबीलालचा टवका उडालेला कप बाहेर खुंटीला निराळा टांगलेला असे, तेवढं सोडलं तर वागायला चोख. त्याचं हॉटेल धो धो चाललं. बसायला जागा पुरेना. मग त्याची नजर शेजारच्या ओट्यावर गेली. ओट्यावर बाकडी टाकली की रस्त्यावरचा माणूस आपोआप वळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. गोठ्याच्या भाड्यापेक्षा ओट्याचं भाडं जास्त द्यायला तो तयार झाला.

हैबतराव ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ घसा खाकरून झाल्यावर म्हणाले, "नबी, वट्याच्या भाड्याचं काय तरी ठरवाया पायजे आता."

नबीलाल हसला. मग त्यांच्या तोंडाकडं बघून थांबला. "देतोय की राव. पंचिमीला वैनींचं हात भरलं. सासूबाई हुत्या तवर त्यांचं भरलं. लेकी माहेरी आल्या की त्यांचं भरतुया."

"तसलं न्हवं रं. आता समदी पेठ पैशात घेतिया. मी एकटाच खुळा ठरतोय."

एवढं बोलून हैबतराव उठून गेले, कारण त्यांनाही ह्यापुढं काय बोलायचं ते ठरवता आलेलं नव्हतं. नबीलाल विचारात पडला. भाडं तर आपण देतो. मग राव भाडं का मागतात? चारही बाजूंनी विचार करून त्यानं निष्कर्ष काढला, की पंचमीचा माल हलका होता. तसा तो होताच. राव भले माणूस, तोंडावर कसं सांगणार? म्हणून असं आडून बोलले.

हा उलगडा झाल्यावर त्याला इतकं हायसं वाटलं, की तो दुसऱ्याच दिवशी चालत पुण्याला गेला आणि होतं नव्हतं ते घालून हिरव्या बांगड्यांचा उत्तमातला उत्तम चुडा घेऊन आला. वाटेत उरवड्याच्या बायकांनी थांबवलं तर त्यांना हातसुद्धा लावू दिला नाही. आल्या आल्या सगुणाबाईंना निरोप धाडला. त्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यानं दोन्ही हात जवळजवळ कोपरापर्यंत भरले. सगुणाबाईंनी हात उन्हात धरून हलवून बघितले, लेकीच्या वयाच्या असल्यासारख्या हसल्या आणि नमस्कार करून आत गेल्या. नबीलालला वाटलं, फिटलं वर्षाचं भाडं.

हैबतराव घरी आले, बायकोचे हात बघितले आणि कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी नथूच्या हॉटेलात माणसं भरलेली असताना ते बाहेर आले. आवाज चढवला, कारण चढवल्याशिवाय बोलणं जमलं नसतं. "ऐका समदी. वडलांचा शबुद मी मोडनार न्हाई. घरातल्या सुनंच्या हातात ह्याच्या बांगड्या हायेत तवर वटा ह्याचा. पन हितनं म्होरं नव्या बांगड्या ह्याच्याकडनं भरायच्या न्हाईत. आत्ता हातात हायेत त्या राहतील तवर ह्यानं बसावं. त्या सरल्या, की वटा मोकळा."

माणसांनी बशा खाली ठेवल्या. कुणाला हा न्याय पटला, कुणाला अन्याय वाटला, पण शब्द मोडला असं कुणालाही म्हणता येईना. नथूनं बोटं मोजली. काचच ती. किती दिवस टिकणार?

नबीलाल घरी आला. चांदबी भाकरी थापत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जलमभर बांगड्या वाढाव्या म्हनून बसलात. आता वाढू नयेत म्हनून बसा." हे ती रागानं म्हणाली, पण खरं तेच होतं, आणि त्यामुळंच नबीलालचं डोकं फिरायची वेळ आली.

तेव्हापासून त्याचं लक्ष पुढं रस्त्यावर कमी आणि पाठीमागं भिंतीकडं जास्त. आतून किणकिण ऐकू आली की जीव भांड्यात पडायचा. भांडं आपटल्याचा आवाज आला की हातातली माळ गळायची. जात्याची घरघर सुरू झाली की तो कानात बोटं घालायचा. समोर एखादी बाई येऊन "मामा, वाढली बगा" म्हणाली, की तो चटकन "अरे अरे!" म्हणायचा, आणि बाई चकित व्हायची, मणेराला बांगडीचं वाईट वाटलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. इकडं नथूही भिंतीला कान लावून असायचा. आत खळ्ळकन वाजलं की दोघं एकमेकांकडं बघायचे, आणि नथू ओशाळून बंबाखालचा विस्तव फुंकायला लागायचा.

पण खरा घोळ होता तो सगुणाबाईंचा. त्यांचं वागणं नबीलालच्या ध्यानातच येईना. पूर्वी त्या येता-जाता ओट्यावर टेकायच्या, चांदबीची खुशाली विचारायच्या. आता बाहेर येईनाशा झाल्या. देवळात जाताना दिसायच्या त्या उजवा हात पदराखाली घेतलेला. डावा हात मात्र उघडा, आणि पावसाळा संपता संपता त्या हातात पुण्याच्या दुकानातल्या नव्या बांगड्या दिसल्या. गुलाबी, चमचमत्या. डाव्या हातातल्या त्याच्या सरल्या, हे उघडच होतं. मग उजव्या हातातल्या? आहेत म्हणावं तर दाखवत का नाहीत? नाहीत म्हणावं तर राव ओटा खाली कर का म्हणत नाहीत? विचारायची सोय नव्हती. परक्या बाईच्या हातात किती बांगड्या उरल्या हे विचारणारा मणेर पेठेतून जोडे खाऊनच बाहेर पडला असता.

चांदबी नदीवरून आणखी एक बातमी घेऊन आली. "सगुनाबाई आता दळत न्हाईत म्हनं. गडीन ठिवलीया. धुनं धूत न्हाईत, ताक करीत न्हाईत. बायका म्हनत्यात, भाड्याच्या पैशानं बाई माजली."

नबीलालला ते खरं वाटलं. वाटणारच, एवढ्या भाड्यानं पेठेतली बरीच घरं बदलली होती. कालपर्यंत चूल फुंकणाऱ्या बायका आज गडिणीला हाका मारत होत्या. त्याला वाईट वाटलं ते ओट्याचं नाही. ह्या बाईचा हात आपण पहिल्यांदा धरला, तिच्यासाठी बापाचा मार खाल्ला, आणि आज आपल्या बांगड्या तिला पदराखाली लपवाव्याशा वाटतात! साधी हिरवी काच गुलाबी बांगड्यांच्या शेजारी शोभत नसेल. संक्रांत आली, हात भरायला बोलावणं आलं नाही. ते येणार नव्हतंच, पण तो सकाळपासून माळ तयार करून बसला होता.

मग शिमग्याच्या आधी एका दुपारी आतून किंकाळी ऐकू आली. नबीलाल उभा राहिला. नथू बंब सोडून बाहेर आला. थोड्या वेळानं विंचू उतरवणारा कुशाबा धावत येऊन आत शिरला. कामाची बाई त्या दिवशी आली नव्हती. सगुणाबाई चुलीसाठी गोवऱ्या काढायला गेल्या आणि राशीतल्या विंचवानं उजव्या हाताला नांगी मारली. पेठेत विंचू काही नवीन नव्हता. पण हैबतराव स्वतः दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नबी, आत ये."

एवढ्या वर्षांत नबीलालनं त्या घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता. आधी कुठला पाय टाकावा ते त्याला कळेना. पडवीत सगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात पदराखाली गच्च धरलेला. कुशाबा वैतागून म्हणाला, "हात सुजत चाललाय. बांगड्या काढाया पायजेत, न्हाईतर मांसात रुततील. बाई हात लावू देत न्हाईत." हैबतरावांच्या हातात बत्ता होता. तो त्यांनी कशाला उचलला होता आणि आता खाली का ठेवत नव्हते, हे त्यांनाच सांगता आलं नसतं.

नबीलाल समोर बसला. "वैनी, हात बघू."

सगुणाबाईंनी हात बाहेर काढला. मनगटावर मऊ धुवट फडकं गुंडाळलेलं होतं, एखाद्या तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं. त्यानं फडकं सोडलं. आत दोन हिरव्या बांगड्या होत्या. त्याच्याच. काचेवर एक चरा नव्हता.

नबीलाल त्या फडक्याकडं बघत राहिला. दळणं सोडलं ते ह्यासाठी. धुणं सोडलं ते ह्यासाठी. बायकांची बोलणी खाल्ली, पदराखाली हात धरून देवाला गेली, ते ह्यासाठी. आणि आपण काय काय मनात आणलं! त्याला इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

"नगं नबीभाऊ," सगुणाबाई कण्हत म्हणाल्या. "उतरंल सूज. ह्या दोनच ऱ्हायल्यात."

"वैनी, हात जाईल."

"आन् तुमचा वटा?"

हैबतरावांनी तोंड फिरवलं. नबीलाल पुढं सरकला. त्यानं तेल मागवलं. बांगडीखाली बोट शिरत नव्हतं, तरी त्यानं तेलात भिजवलेली कापडाची चिंधी इवली इवली करून आत सरकवली. मग आपली बारीक पकड घेतली. काच फोडायची, पण बाईला ओरखडा उमटता कामा नये. हे तो पहिल्या दिवशी शिकला नव्हता, नंतर शिकला होता. पहिली बांगडी कडकन गेली. दुसरीला त्यानं चिंधी पुन्हा सारखी केली. तीही वाढवली. मग काचा वेचून फडक्यात घेतल्या, माळेचा तांबडा दोरा तोडला आणि मनगट ओकंबोकं राहू नये म्हणून सैलसा बांधला. मणेरानं हात मोकळा सोडून उठायचं नसतं.

सगुणाबाई रडत होत्या. विंचवानं रडत होत्या की कशानं, हे तिथं कुणी विचारलं नाही.

तो ओट्यावर येऊन माळा आवरू लागला. हैबतराव पाठोपाठ आले. "नबी, घाई न्हाई बरं का," ते म्हणाले. जाऊ नको असं त्यांना म्हणायचं होतं, की सावकाश जा असं, हे नबीलालला कळलं नाही. बहुधा हैबतरावांनाही ठरवता आलं नव्हतं. नबीलालनं ओटा झाडला आणि खाली उतरला. ज्या बोलीवर इतके दिवस बसलो ती संपली, एवढं एकच त्याला त्या सगळ्या गोंधळात लख्ख दिसत होतं.

पाडव्याला नथूनं ओट्यावर बाकडी मांडली. पेठ संपते तिथं, ओढ्याच्या कडेला एक जांभळीचं झाड होतं; नबीलाल तिच्याखाली गोणपाट टाकून बसू लागला. चांदबी भाकरी घेऊन यायची आणि गिऱ्हाईक नसलं की तिथंच बसून राहायची. नबीलाल अधूनमधून सवयीनं पाठीमागं मान वळवायचा. तिथं भिंत नव्हती, ओढा होता.

एका भर बाजारच्या दिवशी पेठेतली गडबड अचानक कमी झाली. नबीलालनं वर पाहिलं. सगुणाबाई चालत येत होत्या. त्या घरच्या बायका देवळात जात, बाजारात कधी येत नसत. डोक्यावरून पदर, उजवा हात उघडा, मनगटावर तो तांबडा दोरा अजून होता. नथूच्या हॉटेलातली माणसं तोंडाशी बशी धरून तशीच बघत राहिली. हैबतराव त्यांच्यातच बसलेले होते. त्यांनी उठल्यासारखं केलं आणि परत बसले.

सगुणाबाई गोणपाटावर नबीलालसमोर मांडी घालून बसल्या आणि हात पुढं केला. "भरा."

"वैनी, राव..."

"भरा म्हन्ते न्हवं."

दुखण्यानं हात वाळला होता. जन्मभर पाठ असलेलं माप चुकलं. त्यानं न बघता काढलेली बांगडी मोठी झाली. दुसरी काढली, ती चढवताना घाईत कडकन वाढली. चांदबी हाय हाय करू लागली. नबीलाल घामाघूम झाला. सगुणाबाई हसल्या. "पयल्या दिवशी बी फोडल्या हुत्या. मी न्हवते रडले. तुमीच रडला हुतात."

मग त्याचा हात बसला. त्यानं तेलाचं बोट लावलं, अंगठ्याशी दाबलं आणि एकेक करत हात हिरवा केला. सगुणाबाईंनी वाकून नमस्कार केला. "सुखी ऱ्हा" म्हणून त्यानं मोठी झालेली बांगडी परत माळेत ओवली.

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि आल्या तशा पेठेतून घराकडं चालू लागल्या. हात पदराबाहेर होता. बांगड्यांचा आवाज नथूच्या बाकड्यांपर्यंत जात असला पाहिजे, कारण हैबतराव खाली बशीत बघत होते.

चांदबीनं त्या बऱ्याच लांब गेल्यावर विचारलं, "पैशे?"

"न्हाई दिले."

"आता तर वटा बी ऱ्हायला न्हाई. मंग तुमी मागितलं का न्हाईत?"

नबीलाल फुटलेल्या बांगडीचे तुकडे वेचत होता. त्यानं एक तुकडा हातात धरला, ओट्याकडं बघितलं, सगुणाबाईंच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघितलं. त्याच्या कपाळावरची आठी गेली, परत आली.

"भाडं दिलं त्यांना," तो म्हणाला.

"कशाचं?"

"वट्याचं."

चांदबीनं मान वळवून पेठेकडं पाहिलं. ओट्यावर माणसं दाटीवाटीनं बसून चहा पीत होती, आणि नथू हातात कपबशा घेऊन त्यांच्यातून वाट काढत होता.